सुईजवळचा कान

भावसिंगने उजवा कान तबकडीजवळ नेला, इतका जवळ की कल्ल्याचे पांढरे केस सुईच्या दांडीला लागतील. लाइन नव्हती. असती तरी त्याने बटण दाबलं नसतं. डाव्या हाताचं बोट तबकडीच्या कडेला टेकवून तो ती हळूहळू फिरवत होता, बायका जातं फिरवतात तशी, एका लयीत, हात न सोडता.

सुखीबाई उंबऱ्याशी बसून दिव्याच्या वाती वळत होती. कापसाची पुंजी मांडीवर, राखेची वाटी बाजूला. तिने विचारलं, काही ऐकू येतं का. त्याचं बोट तसंच फिरत राहिलं. तिने वात वळून पूर्ण केली आणि पुन्हा विचारलं, या खेपेला जरा मोठ्याने. तेव्हा त्याने मान वर केली.

"येते थोडंसं," तो म्हणाला.

सुखीबाईने पुढची वात घेतली. दोनदा विचारावं लागलं हे तिच्या ध्यानात आलं होतं.

मशीन बंद असलं तरी सुई मुकी नसते. तबकडी फिरवली की खाचेत घासताना ती स्वतःशीच बारीक बोलते, काडेपेटीत कोंडलेल्या माशीएवढं. कान अगदी लावला तर शब्द कळतात, सूर कळतो. शेजारच्या घरात काय, त्याच खोलीतल्या माणसालाही पत्ता लागत नाही. दोन वर्षं भावसिंगचं गाणं ऐकणं एवढंच उरलं होतं, कारण तांड्यात वाजवायची सोय नव्हती.

त्याचं असं की, दिग्रसच्या अलीकडच्या या बंजारा तांड्यात एक रीत होती. कुणी गेलं की तेरवीपर्यंत कोणत्याच घरातून गाणं-वाजणं बाहेर येऊ द्यायचं नाही. कुणी बजावत नसे, दंड नव्हता, पण भिंतीला भिंत लागलेली घरं. एकाच्या घरातली उसळ दुसऱ्याला वासाने कळायची, तिथे आवाजाचं काय बोलावं. चांगल्या दिवसांत ही रीत कुणाला जड गेली नाही. पण ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव चढेल म्हणून कापूस घरातच रचून ठेवायचा आणि माणसांनी ओसरीवर निजायचं, अशी. एका घरची तेरवी उठेपर्यंत दुसऱ्या अंगणात बायका गोळा व्हायच्या. कुणी म्हातारपणाने गेलं, कुणी बाळंतपणात गेलं, दोन घरांत कशाने गेलं ते कुणी बोललं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पोरं क्रिकेटची मॅच आवाज बंद करून पाहायला शिकली. चौकार गेला की नुसते हात वर करायची.

इतर घरांतले टीव्ही हळूहळू थोडे बोलू लागले होते, बातम्यांपुरते. भावसिंगच्या गाण्याच्या सेटला ते जमणारं नव्हतं. तो हळू लावायचा सेटच नव्हता.

हा सेट उभा करायला त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. भावसिंग दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या जीनमध्ये, फिटर. दिवाळीपासून होळीपर्यंत रोलरचं चामडं बदलायचं, बेअरिंगला वंगण द्यायचं, पट्टा सुटला की चढवायचा. तरुणपणी एकदा त्याला जुन्या शेठच्या बंगल्यावर पाण्याचा पंप पाहायला पाठवलं होतं. खिडकीखाली बसून तो व्हॉल्व्ह खोलत होता आणि आत शेठच्या आईने तबकडी लावली. एका बाईंचं भजन होतं. असं भजन त्याने भोंग्यावर पुष्कळ ऐकलं होतं, लग्नात, जत्रेत. पण इथे बाई सूर लावायच्या आधी दम घेत होत्या आणि तो दम ऐकू येत होता. जणू भिंतीपलीकडे कुणी बाई बसली आहे, पदर सारखा करते, श्वास घेते आणि मग गाते. भावसिंगच्या हातातला व्हॉल्व्ह तसाच राहिला. म्हाताऱ्या आईने त्याला पाहिलं. हाक मारली नाही, उठवलं नाही. तबकडी संपली तेव्हा तिने तीच परत लावली.

पुढे कुणी विचारलं, भावसिंग, तुला काय पाहिजे रे, तर त्याला सांगता आलं नसतं. पण पाहिजे होतं ते एवढंच. आपल्या घरात, आपल्या खाटेवर बसून तो दम ऐकायचा.

नवं काही घेण्याची ऐपत नव्हती आणि त्याची त्याला खंतही नव्हती. लोक टाकत होते, तो उचलत होता. दारव्ह्याचं एक वाचनालय बंद पडलं तेव्हा रद्दीच्या ढिगात तबकड्यांचा खोका आणि रेकॉर्ड प्लेअर निघाला; चकतीचा रबरी पट्टा सैल पडलेला, त्याच्या जागी त्याने जीनच्या चामड्याची पट्टी तासून बसवली. खोक्यात एका बाईंच्या भजनांची तबकडी होती. पावसाचं पाणी शिरून तिचं मधलं कागदी लेबल सुटून गेलेलं. बाईंचं नाव त्यामुळे कधीच कळलं नाही.

ॲम्प्लिफायर दिग्रसच्या विक्की टेंटवाल्याकडचा. विक्कीने डीजेचे उंच खोके आणले होते आणि वडिलांच्या वेळचं जड मशीन दुकानामागे कोंबड्यांच्या खुराड्याजवळ ठेवलं होतं. भावसिंग ते दोन्ही हातांनी उचलायला लागला तेव्हा विक्की हसला होता.

"काका, ते नेऊ नका. त्याच्यावर माह्या बापाचं लग्न लागलं. त्याच्यानंतर घरात शांतता नाई."

"मंग तं आवाज चांगला असन," भावसिंग म्हणाला होता.

स्पीकर एका फिरत्या टॉकीजचे. तंबू गेला, पडदा गेला, कागदी शंकूचे दोन मोठे स्पीकर कुणाच्या तरी गोठ्यात चाऱ्याखाली पडले होते. त्यांच्या पेट्या बोरी अरबच्या सुताराने केल्या, बैलगाडीच्या जुन्या सागवानाच्या. पेटीत आवाज घुमू नये म्हणून आतून रुई भरायची असते. भावसिंगने सुताराला तसं सांगितलं आणि स्वतः जीनच्या पाळीवर गेला. सुताराने आपल्या घरातला कापूस भरला, सरकीसकट. रुई आणायला जीनमध्ये कोण जाईल. आठ दिवसांत उंदरांना सरकीचा वास लागला आणि ते कागदाचा शंकू कुरतडून आत शिरले. सुताराला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, माझ्या पेटीत एक फट नाही, उंदीर आला तो तुमच्या स्पीकरमधून. ते खोटंही नव्हतं. भावसिंगने पानाएवढं भोक पडलेल्या शंकूला पतंगाचा कागद खळीने चिकटवला, जीनमधून पोतंभर स्वच्छ रुई आणली आणि सरकीचा दाणा राहिला नाही ना हे चाचपत स्वतः भरली.

घराला टिनाचं छप्पर. टिन फार वाजतं, म्हणून त्याने वर आतून पोती ताणली, समोरच्या भिंतीला गोधडी टांगली. खाली सारवलेली जमीन होती ती उलट बरी. आवाज शोषून घ्यायची. पेट्या दोन कोपऱ्यांत. त्यांच्या बरोबर मधोमध भिंतीत सुखीबाईची दिवळी, तिच्यात जगदंबेची तसबीर, सेवालाल महाराजांची तसबीर आणि सांजसकाळ लागणारा दिवा. खाट अशा जागी ठेवली की आवाज दोन्हींकडून सारखा यावा. पहिल्यांदा तबकडी लावली तेव्हा सुखीबाई स्वयंपाकाचं टाकून दारात आली. पेट्यांतून काही येतच नव्हतं असं वाटत होतं. आवाज मधून येत होता, दिवळीतून.

"अवो," ती म्हणाली, "देवीच गाऊन राह्यली."

तिने हात जोडले आणि परत चुलीशी गेली. पण भावसिंगचं समाधान झालं नाही. मशीनमध्ये एक घूं होतं, सतत, माठात भुंगा असावा तसं. गाणं त्याच्या वर होतं आणि दम त्याच्या खाली बुडाला होता. मग अर्थिंगसाठी त्याने अंगणात लोखंडी सळई पुरली, तिला तार जोडली, मीठ-कोळसा घातला. सुखीबाई तुळशीला पाणी घालून झालं की तांब्यातलं उरलेलं सळईच्या बुडाशी ओतायची, तोही तिच्या रोजच्या नेमातला भाग झाला. एका संध्याकाळी बटण दाबलं आणि काहीच ऐकू आलं नाही. घूं गेलं होतं. शांतता इतकी स्वच्छ होती की त्याला आधी वाटलं मशीन बंद पडलं. त्याने तबकडी पुसली, चकतीवर ठेवली, सुई उचलली.

आणि बाहेर रडणं सुरू झालं. तांड्याच्या प्रमुखाची, नाईकाची आई गेली होती.

सुईची दांडी त्याने परत जागेवर ठेवली. सुखीबाईने आपल्या जुन्या घागऱ्याच्या कापडाची, आरसे लावून भरतकाम केलेली चादर आणून सेटवर टाकली आणि दोघं नेमसिंग नाईकाच्या अंगणात जाऊन बसले. तेव्हापासून ती चादर सेटवर होती.

मधून सुतक नसलेले रिकामे दिवस आले नाहीत असं नाही. आले, तर लाइन नसायची. लाइन आली तर ती इतकी मंद की बाईंचा आवाज पुरुषासारखा ओढायचा. एकदा डीपीचा ट्रान्सफॉर्मरच जळाला. आणि जीन चालू असली की भावसिंग घरी यायचा तो कानात रोलरच घेऊन.

तो आवाज आता रोलर थांबल्यावरही जात नव्हता. फिटरला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. झिजतं ते आधी बारीक बाजूने झिजतं. पहिल्यांदा सुखीबाईच्या बांगड्यांची किणकिण गेली. मग बैलाच्या गळ्यातली लहान घंटी. मग पावसाळ्यातले रातकिडे; त्याला वाटलं या वर्षी किडेच नाहीत. माणसांचं बोलणं येत होतं, पण शब्दांच्या कडा जाऊन, गोल होऊन. डाव्या कानाचं तर त्याने सोडूनच दिलं होतं. उजव्याची परीक्षा तो रोज सुईजवळ घेत होता. गेल्या वर्षी शब्द कळत होते. होळीच्या सुमारास नुसता सूर. आज बोट फिरत होतं, सुई खाचेतून जाताना दिसत होती, आणि कानात फक्त रोलर होता.

"येते थोडंसं," असं त्याने सुखीबाईला सांगितलं ते या दिवशी.

त्या वेळी तांडा लालीबाईच्या राजकुमारच्या सुतकात होता.

लालीबाईचं घर भावसिंगच्या समोर, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. ती विधवा, जीनमध्ये कापूस घालायच्या कामाला होती, भावसिंगच्याच पाळीत, पुष्कळ वर्षं. एकुलता राजकुमार पोळा झाल्यावर फवारणीला गेला. ऊन होतं, वारा समोरून होता, तोंडाला बांधायचं फडकं त्याने घामाने सोडलं असावं. शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, ओकारी झाली. दिग्रसला नेलं, तिथून यवतमाळला नेलं, आणि आणला तो झाकूनच. अंगणात खाट टाकून माणसं बसली. भावसिंगही रोज जाऊन बसत होता. लालीबाई भिंतीला टेकून असायची, रडायची नाही, कुणी आलं तर डोक्यावरचा पदर पुढे घ्यायची. तांडा तिच्यासाठी गप्प होता. पोरांना मारून गप्प केलं होतं. कुत्रं भुंकलं तरी कुणी दगड घेऊन धावायचं. एरवी चोरून बोलणारे टीव्हीही या वेळी पुरते बंद होते, कारण राजकुमार सगळ्यांचा होता.

आणि त्या आठवड्यात, दैव म्हणा, दुपारची लाइन पूर्ण दाबाची येत होती.

भावसिंगने सेटवर चादर टाकली आणि तो खाटेवर बसला. त्याने हिशोब केला नाही, पण त्याला कळत होतं. राजकुमारची तेरवी उठेल, तोवर आणखी काही होईल, नाही झालं तर कापूस फुटेल आणि जीन सुरू होईल. पुढच्या होळीला हा सेट त्याच्यासाठी सागवानाची दोन कपाटं असेल. तरीही चादर काढून बटण दाबावं असं त्याच्या मनात आलं नाही. समोर दार उघडं होतं आणि त्या दारात लालीबाई बसलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालीबाई वाट ओलांडून आली. सुतकातल्या बाईने असं दुसऱ्याच्या दारी जायचं नसतं. ती उंबऱ्याबाहेर, पागोळी पडते त्या रेषेच्या पलीकडे उभी राहिली. सुखीबाई पूजेला बसली होती. तिने दिव्याला हाताचा आडोसा केला आणि मान वळवली.

लालीबाई आपल्या बोलीप्रमाणे भावसिंगला भिया म्हणायची, म्हणजे भाऊ.

"भिया," ती म्हणाली, "तुह्या त्या पेट्या वाजव."

भावसिंगला वाटलं आपल्या कानाने दगा दिला. तो उठून जवळ गेला. तिने परत तेच सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या घरचं सुतक आहे लाली, तेरवी व्हायची आहे.

"माह्यासाठीच बंद हाये ना सारं? मंग मीच सांगून राह्यली." तिचा आवाज चढला नव्हता. "साऱ्या तांड्यानं तोंड बंद केलं. पोरगं रडत नाई, भांडं पडत नाई. आता मले माह्या घरातलंच सारं ऐकू येते. त्याची सायकल हाये भिंतीले लावलेली, वाऱ्यानं तिची घंटी हालते. त्याचा अंगरखा खुंटीवर घासते. मी किती ऐकू, भिया? काही तरी वाजव. मोठं वाजव."

भावसिंग सुखीबाईकडे पाहू लागला. सुखीबाई नेम पाळणारी बाई. मंगळवारचा उपास तिने आजारपणातही सोडला नव्हता, सुतकाच्या घरी बसून आली की डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय दिवळीजवळ जात नसे. दिव्याची वात तिने काडीने पुढे सारली, नमस्कार केला, मग म्हणाली, नाईकाला विचारून या.

नेमसिंग नाईक बैल सोडत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. भावसिंगशी मोठ्याने बोलावं लागतं हे त्याला ठाऊक असल्यामुळे तो त्याच्या कानाशी आला, पण बोलला मात्र बैलाकडे पाहत.

"आज मले दिग्रसले काम हाये. दुपारून जाईन म्हणतो. माह्यासंगं ज्याले यायचं त्यानं यावं. मांगं तांड्यात काय होते ते मले काय माहीत, मी तं इथं नाई."

मग त्याने बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि जाता जाता म्हणाला, "माह्या मायच्या वेळीही तू ते लावलं नव्हतं. मले माहीत हाये."

दुपारी तांडा विचित्र रिकामा झाला. काही जण नाईकाबरोबर गाडीत गेले. ज्यांना शेतात काम नव्हतं ते शेतात गेले. म्हाताऱ्या धुरपताबाईने आपली खाट घरामागच्या कडुलिंबाखाली ओढून नेली आणि तोंडावर पदर घेतला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

लाइन आली. लालीबाई पुन्हा त्याच रेषेवर येऊन उभी राहिली. ती आत येईना. दिवळी समोर होती, तसबिरी होत्या, दिवा तेवत होता. ती म्हणाली, मी बाहेरूनच ऐकते.

"बाहेरून येत नाई ते," भावसिंग म्हणाला. "खाटेवर बसलं तंच येते."

सुखीबाई उठली. तिने सेटवरची आरशाची चादर उचलली, एकदा झटकली आणि दिवळीच्या दोन्ही बाजूंच्या खिळ्यांना अडकवली. तसबिरी झाकल्या गेल्या. चादरीच्या मागे दिवा होता तेवढा भाग पिवळा दिसू लागला.

"देवी ऐकन," सुखीबाई म्हणाली. "पाहणार नाई. ये तू."

लालीबाई आत आली. भावसिंगने तिला खाट दाखवली. ती कडेला बसायला लागली तेव्हा त्याने तिला बरोबर मधोमध सरकवलं, दोन्ही पेट्यांकडे पाहून पुन्हा एकदा थोडं डावीकडे. ती जागा एकाच माणसाची होती. दोन वर्षं त्याने ती स्वतःसाठी मोजून ठेवली होती. आता तो मशीनच्या बाजूला भिंतीशी उभा राहिला, जिथे आवाज नुसता आवाज म्हणून पोचतो.

"ते बाई गायच्या आधी दम घेते," त्याने सांगितलं. "पेटीतून नाई येणार, मधून येईन, दिवळीतून. आला तं मले सांग."

बटण दाबलं. मशीनचे दिवे लाल झाले. घूं नव्हतं, निदान त्याला आलं नाही. त्याने तबकडी मऊ रुईने पुसली आणि सुई ठेवली.

भजन सुरू झालं. टिनाखालची पोती, गोधडी, सागवान, पतंगाचा कागद, उंदरांच्या वाटेवर भरलेली रुई, सगळं आपापल्या जागी उभं राहिलं. भावसिंगला गाणं आलं. ते जाड आलं, कडा नसलेलं, पखवाजाचा हात तर पायांतून आला. बाई गात होत्या हे त्याला कळत होतं. ओळ संपली. वाद्य थांबलं. ती जागा आली, जिथे दम असतो. त्याने श्वास रोखला, उजवा कान पुढे केला. तिथे रोलर फिरत होता. मग दुसरी ओळ सुरू झाली.

तो बराच वेळ तबकडीकडेच पाहत राहिला. नंतर त्याने लालीबाईकडे पाहिलं.

जीनमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. रोलर चालू झाले की ओरडून उपयोग नसतो. म्हणून तिथल्या माणसांना हाताची बोली असते. मूठ दाखवली की थांबव. पंजा हलवला की कापूस संपला. आणि एक बोट वर केलं की रोलर कापूस ओढतोय, बरोबर चाललंय, काळजी नको. कापूस घालणाऱ्या बाया दिवसभर फिटरकडे पाहून अशा बोलतात. लालीबाई पुष्कळ वर्षं भावसिंगशी असंच बोलत आली होती; तोंडाने बोलल्या त्याहून जास्त गोष्टी त्यांनी बोटांनी बोललेल्या.

लालीबाई खाटेवर ताठ बसली होती. डोळे मिटलेले. गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. सुखीबाई तिच्या पायाशी जमिनीवर येऊन बसली होती. समोरच्या घराच्या भिंतीला टेकलेली सायकल उघड्या दारातून दिसत होती. वारा होता. घंटी हलत असेल.

ओळ संपली. वाद्य थांबलं.

लालीबाईने डोळे न उघडता मांडीवरचा हात उचलला आणि एक बोट वर केलं.

भावसिंग पाहत राहिला. गाणं पुढे गेलं, बोट खाली आलं. पुन्हा ओळ संपली, पुन्हा बोट वर. त्याला आता कान पुढे करायची गरज नव्हती. ते बोट वर झालं की तो आपणही छाती भरून दम घ्यायचा, आणि बाई गायला लागल्या की हळूच सोडायचा.

तबकडी संपली. सुई मधल्या कोऱ्या जागेत फिरत राहिली. दिवळीवरच्या चादरीमागे दिवा तसाच होता. भावसिंगने सुई उचलली, तबकडीच्या कडेवर आणून सोडली आणि परत भिंतीशी, लालीबाईचा हात नीट दिसेल अशा ठिकाणी, जाऊन उभा राहिला.